मृताच्या वतीने कोण?

मनुष्य मरण पावला म्हणजे त्याचे घर, शेत, बँकेतील ठेव, उधारीची वही किंवा कोणाला दिलेले वचन यांपैकी काहीच त्याच्याबरोबर जात नाही. हे सगळे जागच्या जागी राहते, फक्त त्याच्याविषयी ‘हे माझे आहे’ असे म्हणणारा उरत नाही. सावकार येणे मागायला येतो, भाडेकरू भाडे कोणाला द्यायचे ते विचारतो, दूरच्या गावी नांदणारी मुलगी बापाच्या जमिनीचे पुढे काय झाले याची चौकशी करते, आणि प्रत्येकाच्या तोंडी प्रश्न एकच असतो की आता मृताच्या वतीने बोलणारा कोण. हा प्रश्न सहसा कारकुनी मानला जातो. तलाठ्याच्या दप्तरात किंवा न्यायालयाच्या नोंदवहीत उत्तर सापडले की तो मिटला असे समजले जाते. परंतु नोंदवही उघडण्याआधी काही ठरलेले असावे लागते: मृताच्या धनाला स्वामी आहे की नाही, ते सांभाळणारा कोणाला उत्तरदायी आहे, आणि तो कोण हे विचारण्याचा अधिकार कोणाला पोचतो. भारतीय धर्मशास्त्राने या तिन्ही गोष्टींचा बारकाईने विचार केला आहे, आणि त्या विचारातून निघणारा निष्कर्ष आजच्या कायद्यापेक्षा कठोर आहे. जो मृताचे धन हाती धरतो त्याने स्वतः होऊन प्रकट व्हायला हवे. लोकांनी शोधून काढेपर्यंत त्याने गप्प राहणे हाच दोष होय.

प्रथम स्वत्वाचा, म्हणजे मालकीहक्काचा, प्रश्न घ्यावा लागतो. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य राजांपैकी सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (इ. स. १०७६ ते ११२६) लिहिली, ही कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. दाय म्हणजे केवळ स्वामीशी असलेल्या नात्यामुळे दुसऱ्याच्या स्वत्वात येणारे धन, अशी व्याख्या करून विज्ञानेश्वर त्याचे दोन प्रकार सांगतो. वडिलोपार्जित धनावर पुत्राचे स्वत्व जन्मानेच निर्माण होते आणि मधे कोणाच्या जिवंत असण्याचा अडसर नसतो, म्हणून तो अप्रतिबंध दाय. निपुत्रिक काका किंवा भाऊ यांचे धन मात्र ते जिवंत असेतो मिळत नाही, म्हणून तो सप्रतिबंध दाय. बंगालमधील जीमूतवाहनाने ‘दायभाग’ या ग्रंथात जन्मस्वत्वाचे हे मत नाकारले आणि पित्याचे स्वत्व मृत्यूने, पातित्याने किंवा विरक्तीने संपल्यावरच पुत्राचे स्वत्व उपजते असे प्रतिपादन केले; यालाच उपरमस्वत्ववाद म्हणतात. दोन्ही मतांचा कटाक्ष मात्र एकच आहे: धन एक क्षणभरही अनाथ राहू नये. मिताक्षरेत मेलेल्याच्या हिश्शाचा भार जिवंत सहभागीदार आधीपासूनच वाहत असतात, तर दायभागात एकाचे स्वत्व मावळते त्याच क्षणी दुसऱ्याचे उगवते. रोमन विधिज्ञांना ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवावी लागली. वारसाने स्वीकार करीपर्यंतच्या काळात पडून असलेली मालमत्ताच जणू मृताचे व्यक्तित्व धारण करते, अशी कल्पना त्यांनी केली.

येथे एक भेद नजरेआड होऊ देता कामा नये. स्वामित्वात खंड पडला नाही तरी सांभाळात खंड पडतोच. तीन भाऊ बापाच्या धनाचे एकाच क्षणी स्वामी झाले हे शास्त्राने सांगितले, तरी किल्ल्या त्या क्षणी एकाच्याच कनवटीला असतात, पासबुके एकाच्याच कपाटात असतात आणि कुळाकडून खंड घेणारा हातही एकच असतो. मृताचा वारस कोण, हा कायद्याचा प्रश्न आहे. मृताचे धन आज कोणाच्या हातात आहे, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. फसवणूक, अबोला आणि वर्षानुवर्षांचे खटले यांचे मूळ बहुधा दुसऱ्या प्रश्नात असते.

विज्ञानेश्वराने आणखी एक प्रश्न उपस्थित केला आहे आणि तो वरवर निव्वळ तार्किक वाटतो. स्वत्व हे केवळ शास्त्रावरून कळणारे आहे की लोकव्यवहारावरून कळणारे, म्हणजे लौकिक? त्याचे उत्तर असे, की ज्यांना शास्त्राची ओळखही नाही अशा सीमाप्रदेशातील लोकांतही खरेदी-विक्रीचा व्यवहार दिसतो, तेव्हा स्वत्व लौकिकच मानले पाहिजे. टीकाकाराने या सिद्धांताचा उपयोग दायविभागाच्या चर्चेपुरता केला. पण त्यातून एक गोष्ट ओघाने निष्पन्न होते आणि ती येथे मांडण्यासारखी आहे. स्वत्व जर लोकव्यवहारात वसत असेल, तर ते लोकांना दिसेल अशाच रीतीने एकाकडून दुसऱ्याकडे गेले पाहिजे. चार भिंतींच्या आड कोणालाही न कळता हस्तगत केलेले धन हे भोगात आलेले असते, स्वत्वात आलेले असतेच असे नाही.

स्वत्वापेक्षाही ऋणाच्या बाजूने हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मनुष्य जन्मतःच ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे असे तीन ऋणांचे ओझे घेऊन येतो, हा तैत्तिरीय संहितेतील विचार सर्वपरिचित आहे. स्मृतिकारांनी त्याच्या शेजारी रोख रकमेचे ऋणही तितक्याच गंभीरपणे बसवले. बाप मरण पावला, परदेशी गेला किंवा संकटात सापडला तर पुत्रपौत्रांनी त्याचे कर्ज फेडावे, असे याज्ञवल्क्य सांगतो. नातवाने मुद्दल द्यावे, व्याज देण्याचे कारण नाही, असा खुलासा इतर स्मृतींतून मिळतो. दारू, जुगार आणि कामवासना यांपायी केलेले कर्ज, न भरलेला दंड व जकात, आणि वायफळ दिलेली वचने यांतून मात्र पुत्राला मोकळे ठेवले आहे. नारद तर याहून पुढे जातो: ऋण न फेडता मेलेला मनुष्य तपस्वी असो की अग्निहोत्री, त्याच्या तपाचे आणि अग्निहोत्राचे सारे पुण्य धनकोच्या खाती जमा होते. कर्जाची वसुली परलोकापर्यंत नेणारा हा विचार आजच्या वाचकाला अतिशयोक्त वाटेल. पण मृत्यूने माणूस सुटला तरी त्याचे देणे सुटत नाही, ही त्याच्यामागील नैतिक जाणीव अगदी इहलोकातली आहे. कुराणातही, अन-निसा या सुरेत वारसांचे हिस्से सांगताना, ते मृताची वसीयत आणि कर्ज यांची पूर्तता झाल्यावरचे आहेत असे स्पष्ट म्हटले आहे, आणि मृताच्या इच्छेची अंमलबजावणी करणाऱ्याला इस्लामी विधीत वसी ही संज्ञा आहे.

याज्ञवल्क्याचा कर्जफेडीचा क्रम या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मृताचे ऋण प्रथम कोणाकडून वसूल करावे, तर जो त्याचे रिक्थ घेतो त्याच्याकडून. रिक्थ म्हणजे मृताने मागे ठेवलेले धन. पुत्रत्वाचे नाते येथे मागे पडते आणि धन कोणाच्या हाती गेले हा निकष पुढे येतो. हा नियम अमलात यायचा तर रिक्थ कोणी घेतले हे धनकोला कळायला हवे. ज्याला शोधता येत नाही त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क कागदावरच राहील. स्मृतीने चौकशीचा हक्क वेगळा सांगितलेला नाही. पण हा नियम त्याच हक्कावर उभा आहे.

मग रिक्थग्राह, म्हणजे धन घेणारा, पूर्वीच्या समाजात कळत कसा असे? याचे उत्तर बऱ्याच अंशी श्राद्धविधीत आहे. पिंड हा गोत्र आणि रिक्थ यांच्या पाठोपाठ जातो असे मनुस्मृती सांगते, आणि जो धन घेतो त्यानेच पिंड द्यावा असे विष्णुस्मृती बजावते. कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ (१७९०) या महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या ग्रंथांत अंत्यकर्माचा अधिकार कोणाकोणाला याची क्रमवार मांडणी आहे. पुत्रादिकांच्या अभावी तीत पत्नी आणि कन्या यांचीही नावे येतात. दहाव्या दिवशी नदीकाठी मांडलेला पिंड सगळे भाऊबंद, शेजारी आणि व्यवहारातले लोक पाहतात. कावळा पिंडाला शिवेना तेव्हा जमलेल्यांपैकी वडीलधारे हात जोडून पुढे होतात आणि मृताला उद्देशून धाकट्याचे लग्न आम्ही करू, अमक्याचे पैसे आम्ही भागवू, म्हातारीकडे आम्ही पाहू, अशी हमी देतात. तरीही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला जातो. या प्रथेचे पारलौकिक स्पष्टीकरण कोणी मानो वा न मानो, तिचा लौकिक परिणाम निःसंदिग्ध आहे. मृताच्या अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींची यादी तेथे चारचौघांत उच्चारली जाते आणि ती कोणी अंगावर घेतली हे साक्षीदारांसमक्ष ठरते. ज्या काळात गावात लेखी दप्तर सर्वांच्या आवाक्यात नव्हते, त्या काळात घाटावरची ती सकाळ हेच जाहीर प्रकटन होते.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबता येत नाही, कारण तिच्यात उघड उणिवा होत्या. विधीत पुढे उभा राहणारा सहसा एकच पुरुष असे, आणि ज्याच्या हाती दर्भ त्याच्याच हाती किल्ल्या असा समज लोकांत दृढ होई. मागे बायकांत बसलेल्या विधवेचा किंवा मुलीचा हक्क त्या देखाव्यात कोठेच दिसत नसे. विधी धन घेणाऱ्याला प्रकट करीत असे, धनाची मोजदाद मात्र करीत नसे.

जेथे पिंड देणारा कोणीच पुढे येत नाही तेथे चौकशीचे कर्तव्य राजावर येते. अज्ञान वारसाचे धन तो शिक्षण संपवून परते किंवा वयात येईपर्यंत राजाने सांभाळावे, आणि ज्याचा स्वामी सापडत नाही असे धन तीन वर्षे जपून ठेवावे, असे मनु सांगतो. ‘हे माझे’ म्हणत येणाऱ्याला वस्तूचे रूप, संख्या वगैरे विचारून पारखावे, असेही त्याला जोडून येते. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’च्या सहाव्या अंकात या कर्तव्याचे दर्शन घडते. धनमित्र नावाचा समुद्रव्यापारी जहाज फुटून मरण पावतो, त्याला मूल नाही, तेव्हा त्याचे धन राजाकडे जाते असे अमात्य लिहून कळवतो. दुष्यंत त्या कागदावर आंधळेपणाने मोहोर उठवीत नाही. एवढा श्रीमंत माणूस म्हणजे त्याच्या पत्नी अनेक असणार, त्यांपैकी कोणी गर्भवती आहे का याची विचारणा करावी, अशी आज्ञा तो देतो. साकेतच्या श्रेष्ठीची कन्या असलेल्या पत्नीचे पुंसवन नुकतेच झाल्याचे कळते आणि गर्भातला जीव पित्याच्या रिक्थाचा अधिकारी ठरतो. ज्याचा खजिना भरणार होता त्यानेच आपल्या हिताविरुद्ध शोध घ्यायला लावला, यात त्या प्रसंगाचे नैतिक वजन आहे. धन हाती येण्याच्या बेतात असलेल्याने दुसरा कोणी हक्कदार आहे का हे आधी विचारावे, हे तत्त्व राजाला लागू असेल तर थोरल्या भावाला ते का लागू नसावे?

कात्यायनाचे एक वचन मिताक्षरेत उद्धृत झाले आहे, त्याकडे येथे मुद्दाम लक्ष वेधले पाहिजे. वारस नसलेले धन राजाकडे जाते, परंतु त्याआधी मृताच्या घरातील स्त्रियांचे पोषण, सेवकांचे देणे आणि मृताची और्ध्वदेहिक, म्हणजे मरणोत्तर, कृत्ये यांची तरतूद बाजूला काढावी, असे ते वचन आहे. आता भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ उघडून पाहावा. त्याच्या कलम ३२० नुसार मृताच्या ऐपतीला साजेसा अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च इतर सर्व कर्जांच्या आधी भागवायचा असतो. कलम ३२२ मध्ये मजूर, कारागीर आणि घरगुती नोकर यांनी मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत केलेल्या कामाच्या वेतनाला अग्रक्रम आहे. त्यानंतर बाकीची देणी आणि सर्वांत शेवटी मृत्युपत्राने दिलेल्या देणग्या. हा अधिनियम इंग्रजी परंपरेतून आला, कात्यायनाच्या वचनाशी त्याच्या कर्त्यांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. तरीही दोन्हींकडे स्वयंपाकघरातल्या आणि शेतावरच्या हातांचे देणे वारसाच्या हिश्शाआधी ठेवले आहे, कारण हे लोक मृताच्या वारसांपेक्षा दुबळे असतात आणि मृताच्या जागी कोण आला हे शोधण्याचे साधन त्यांच्यापाशी सर्वांत कमी असते.

आधुनिक कायद्याने विधीच्या जागी नोंद आणली. मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक, ज्याला व्यवहारात एक्झिक्युटर म्हणतात, किंवा तसा कोणी नसेल तर न्यायालयाने नेमलेला प्रशासक, हा अधिनियमाच्या कलम २११ प्रमाणे मृताचा कायदेशीर प्रतिनिधी ठरतो आणि मृताची मालमत्ता त्या नात्याने त्याच्या ठायी निहित होते. ‘त्या नात्याने’ हे शब्द येथे निर्णायक आहेत, कारण मालमत्ता त्याच्याकडे येते ती भोगण्यासाठी नव्हे, देणी फेडून उरलेले वाटून देण्यासाठी. मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला म्हणजे प्रोबेट. त्यासाठी अर्ज झाला की हितसंबंधीयांना बोलावणारी नोटीस काढता येते, तिला सायटेशन म्हणतात, आणि ज्याला अर्जाविषयी शंका आहे त्याला आधीच कॅव्हेट दाखल करून ठेवता येते. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची व देण्याघेण्याची पूर्ण यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात दाखल करण्याचे बंधन कलम ३१७ ने घातले आहे. म्हणून मृताचा कारभार कोण पाहतो हे शोधणाऱ्याने, मृत व्यक्ती जेथे राहत होती किंवा तिची मालमत्ता जेथे आहे तेथील जिल्हा न्यायालयात, आणि मुंबईत उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्रविषयक विभागात, असा अर्ज झाला आहे का याची चौकशी करावी.

याच अधिनियमातील कलम ३०३ नीतिशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य पाहण्यासारखे आहे. कोणताही अधिकार नसताना जो मृताच्या मालमत्तेत हात घालतो तो आपल्याच कृत्याने व्यवस्थापक ठरतो. त्याला व्यवस्थापकाचे हक्क मिळत नाहीत, जबाबदारी तेवढी गळ्यात पडते, आणि हाती आलेल्या धनाच्या मर्यादेत तो उत्तरदायी होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेनेही कायदेशीर प्रतिनिधीच्या व्याख्येत अशा हस्तक्षेप करणाऱ्याचा समावेश केला आहे. पण कलम ३०३ ला जोडलेला अपवाद पाहावा: माल नासू नये म्हणून तो जपणे, अंत्यविधीची सोय करणे, मृताच्या कुटुंबाच्या तातडीच्या गरजा भागवणे, यासाठी कोणी मृताच्या धनाला हात लावला तर तो या दोषाचा धनी होत नाही. गोठ्यातल्या गुरांना वैरण घालणारा शेजारी आणि कपाटातली पावती खिशात घालणारा पुतण्या यांच्यातला फरक कायद्याने हेतूवरून ठरवला. याज्ञवल्क्याच्या रिक्थग्राहाशी ही कल्पना इतकी जवळची आहे, की दोन परंपरा एका प्रश्नाला तोंड देताना एकाच उत्तराशी आल्या असे म्हणावे लागते.

महाराष्ट्रात मात्र बहुतेक घरे प्रोबेटच्या वाटेला जात नाहीत, आणि मृत्युपत्र नसेल तर ती वाट नसतेच. गावात शोध घ्यायचा तो तलाठ्याकडे. वारसाने जमिनीवर हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला देण्याचे बंधन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ ने घातले आहे. वारसांची चौकशी गाव नमुना ६-क मध्ये नोंदली जाते आणि त्यानंतर फेरफार पडून सातबाऱ्यावर नावे चढतात. जुन्या सातबाऱ्यावर एखाद्या नावामागे ‘ए. कु. मॅ.’ अशी अक्षरे आढळतात. ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ असा त्यांचा अर्थ, म्हणजे नाव एकाचे लागले तरी ते सर्वांच्या वतीने लागले, अशी ही खूण. पुढच्या पिढीला ती खूण विसरायला लावून मॅनेजरचा मालक करण्याचा प्रकार महाराष्ट्राच्या गावोगावी घडला आहे. शहरात हीच गत नॉमिनीची होते. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते ती वारसांसाठी, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या रकमेबाबत १९८४ साली आणि शेअरबाबत २०२३ साली स्पष्ट केले आहे. तरी बँकेतून पैसे निघाले की ते आपलेच झाले असा ग्रह सुशिक्षितांतही सुटलेला नाही. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळणारा वारस दाखलाही मृताच्या मागे कोण उभा आहे हे सांगतो, त्याच्या पुढचे वाटप सांगत नाही.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने वेगळी रीत घालून दिली. वाटणीसाठी न्यायालयात जी कारवाई चालते तिला इन्व्हेंटरी म्हणतात, आणि तीत मृताची मालमत्ता सांभाळणाऱ्या कुटुंबप्रमुखाला, ज्याला तेथे काबेसा द काझाल हे नाव आहे, शपथेवर वारसांची आणि मालमत्तेची यादी द्यावी लागते; हा मान बहुधा हयात पतीला किंवा पत्नीला मिळतो. सांभाळणारा कोण हे आधी निश्चित करून मग वाटणीकडे वळणारी ही रीत, तिची कूर्मगती सोडल्यास, तत्त्वतः सरस म्हटली पाहिजे.

विधी आणि नोंद या दोन व्यवस्थांच्या फटीत आजचे कुटुंब सापडले आहे. दहावा अजून होतो, पण तेथे उच्चारलेली हमी शिष्टाचारापुरती उरली आहे. नोंद होते, पण ती करणाऱ्याला जे दाखवायचे तेवढेच तीत दिसते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे हक्कसोड पत्र. तेरावे उरकून सासरी परतण्याच्या आत बहिणींच्या सह्या व्हाव्यात अशी घाई केली जाते. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, आणि आपण काय सोडले याची यादी तिने पाहिलेली नसते. याला त्याग म्हणून गौरवण्याची रूढी आहे. परंतु दानाच्या मीमांसेत स्वतःचे स्वत्व निवृत्त करून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करण्याचा संकल्प अपेक्षित असतो, आणि ज्या वस्तूचे ज्ञानच नाही तिच्याविषयी संकल्प कसा संभवेल? न दाखवता सोडवून घेतलेला हक्क हा दात्याचा त्याग नसतो, घेणाऱ्याची चतुराई असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मृताचे व्यवहार ही त्याची खाजगी बाब होती. त्याने कोणाला गुपचूप मदत केली असेल, कोणाचे कर्ज लाजेखातर लपवले असेल, आणि मेल्यावर कोणीही येऊन त्याच्या वह्या चाळाव्यात हे त्याच्या सन्मानाला बाधक आहे. आक्षेपातला सन्मानाचा भाग मान्य करायला हवा. पण वह्यांतील मजकूर आणि वह्या सांभाळणाऱ्याचे नाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मजकूर पाहण्याचा अधिकार वारस, धनको आणि मृत्युपत्राने ज्याला काही दिले आहे तो, एवढ्यांपुरता मर्यादित असावा, आणि मनूने सांगितलेली रूप-संख्येची पारख आगंतुकाला दूर ठेवायला पुरेशी आहे. नाव लपवण्याने मात्र मृताचा सन्मान कोणत्याही अर्थाने राखला जात नाही; त्याने राखले जाते ते फक्त लपवणाऱ्याचे हित.

राहिला मूळ तात्त्विक प्रश्न: सांभाळणाऱ्याचे हे कर्तव्य मृताप्रत आहे की जिवंतांप्रत? श्राद्धावर श्रद्धा असणारा म्हणेल की सपिंडीकरण होऊन प्रेत पितर होईपर्यंत आणि त्यानंतरही मृताला ऋणाची टोचणी असते, म्हणून कर्तव्य त्याच्याप्रत आहे. देहाबरोबर सारे संपते असे मानणारा म्हणेल की मृताला हित-अहित नाही, कर्तव्य आहे ते ज्यांची देणी राहिली त्यांच्याप्रत. भारतीय कायदा दुसऱ्या मताकडे झुकला आहे. पुत्राने केवळ पुत्र म्हणून बापाचे कर्ज फेडावे हे धार्मिक बंधन २००५ च्या दुरुस्तीने पुढील कर्जांपुरते काढून टाकले आणि वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरती ठेवली. परंतु प्रकट होण्याच्या कर्तव्यापुरता या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. आत्मा आहे असे धरले तर मृताच्या नावाने वागणाऱ्याने त्याच्या धनकोंपासून लपणे हा मृताचा द्रोह ठरतो. आत्मा नाही असे धरले तर तोच प्रकार जिवंतांची फसवणूक ठरतो.

महाकाव्यांत या दोन वृत्तींची चित्रे आहेत. पांडू वनात मरण पावल्यावर त्याचे राज्य धृतराष्ट्राच्या हाती राहिले आणि पुतण्यांना त्यांचे देण्याची वेळ आली तेव्हा तो स्पष्ट बोलेनासा झाला. विदुराने वारंवार सांगूनही आपण कोणाच्या वतीने बसलो आहोत हे त्याने कधी निःसंदिग्ध मान्य केले नाही. दशरथाच्या मृत्यूनंतर भरताने सिंहासनावर पादुका ठेवून, आपण स्वामी नाही हे रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी व्यवस्था केली, आणि चौदा वर्षांनी राम परतला तेव्हा कोश, कोठारे, नगर आणि सैन्य पाहून घ्यावे, सारे दसपट झाले आहे, असा हिशेब वाल्मीकीच्या भरताने स्वतः होऊन पुढे ठेवला. भरताच्या बंधुप्रेमाचे कौतुक पुष्कळ झाले, या हिशेबाकडे मात्र कीर्तनकारांचे आणि निरूपणकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

ज्या घरांत अजून दहावे-तेरावे होते त्यांनी कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता एवढे करावे: तेराव्याला जमलेली मंडळी पांगण्यापूर्वी मृताची कागदपत्रे आणि किल्ल्या कोणाकडे राहतील ते नाव सर्वांसमक्ष सांगावे, मालमत्तेच्या आणि देण्याघेण्याच्या यादीची एकेक प्रत मुलींसह प्रत्येक वारसाच्या हाती द्यावी, घरच्या गड्यामोलकरणींचा राहिलेला पगार त्याच आठवड्यात चुकता करावा, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी, ब्राह्मण जेवण्यापूर्वी, वर्षभराचा हिशेब वाचून दाखवावा. जे घर विधी मानत नाही त्याने यासाठी कोणताही दुसरा दिवस ठरवावा, पण ठरवावा.